कांद्याचा चष्मा

अहो,

मी भावाला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेय. तुमच्या कारखान्यात ग्राइंडरवर काम करताना उडालेला लोखंडाचा कण त्याच्या बुबुळात रुतलाय, आजच ऑपरेशन आहे. काल जेवताना तुम्ही म्हणालात, "त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता, मीच काडेपेटीच्या काडीनं काढला." आणि वर आणखी भाजी वाढून घेतलीत.

काम करताना डोळ्यांवर चष्मा का नव्हता, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "ताई, चष्मे कपाटात असतात. तपासणीला साहेब आले की दाजी वाटतात, साहेब गेले की पुसून परत प्लास्टिकमध्ये घालतात. ओरखडे पडतात म्हणून."

मुकादम तुम्ही, कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला. चष्म्यावर ओरखडा नको, माझ्या भावाच्या डोळ्यावर पडला तर चालतो. शी.

त्यातलाच एक आपल्या स्वयंपाकघरात लटकतोय. कांदा चिरताना तुमच्या डोळ्यांना पाणी येतं म्हणून आणलेला. इतके दिवस मीच तो धुऊन ठेवत होते, त्याचीही आता किळस येते.

कधी येणार ते विचारायला फोन करू नका. स्वयंपाक केलेला नाही. कांदे टोपलीत आहेत, चष्मा खिळ्याला आहे.