आईची जबानी

घोडेगाव,
ता. १७ फेब्रुवारी १९४६

प्रिय एलियादादास दयाचा सलाम.

नगरहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. मुलगा झाल्याचं वाचून बरं वाटलं. बाप्तिस्म्याला आईला पाठव, असं तू लिहिलंस. इकडे हरभरा बरा आला आहे. आम्ही सर्व खुशाल... नाही, हे मला लिहवत नाही. खोटं लिहिणं तुझ्याकडेच राहू दे.

लढाईच्या दिवसांत तुझ्या शेठच्या गोदामात पलटणीसाठी आणलेले तेजाबाचे बुधले फुटले आणि तो तांबूस धूर आपल्या वाडीत शिरला. शेजारच्या लंकाबाईची पोरं बाहेर काढायला आई त्या धुरात गेली. पोरं वाचली. आईचा खोकला मात्र त्या दिवसापासून हटला नाही. भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. चर्चमध्ये गीत सुरू झालं की नुसते ओठ हलवायची. अर्धी वाडी अशीच धापा टाकते.

हे सगळं तू डोळ्यांनी पाहिलंस. तरी वाडीने भरपाईचा अर्ज केल्यावर शेठचा कारकून म्हणून मामलेदारांना लिहून दिलंस, की आमच्या आईचा दमा जुनाच आहे, धुराचा काही संबंध नाही. पोटचा मुलगाच असं म्हणतो म्हटल्यावर वाडीचं कोण ऐकणार?

गेल्या सोमवारी मामलेदार चावडीवर आले. त्यांनी तुझी जबानी वाचून दाखवली. आई काठी टेकत उठली. तुझ्या कागदाकडे बोट करून, शब्दाशब्दाला थांबत म्हणाली, "सायेब, ह्यो माझा लेक. ह्याला कडंवर आन् सरपनाचा भारा डोक्यावर घिऊन मी डोंगर उतरायची. तवा कुटं हुता दमा? ह्याला बोलाय मीच शिकवलं. म्हनून ह्यो खोटं बोलला, ते बी मीच सांगते."

मामलेदारांनी तुझा कागद बाजूला सारला आणि तिची जबानी लिहून घेतली. शेठला गोदाम हलवायला सांगितलं.

गुरुवारी आई गेली.

तुला तार केली नाही. मुद्दाम केली नाही. तुझ्या हातची माती तिच्यावर पडू नये, असं मला वाटलं. पाळक कृपादान माझ्यावर रागावले. रागावू देत.

शेवटी ती तुझंच नाव घेत होती. "त्याला म्हनावं, ऱ्हायलेल्यांसाठी तरी खरं बोल," एवढंच म्हणाली. तिने तुला क्षमा केली. मी केलेली नाही.

पण लंकाबाईची पोरं चार पावलं धावली की त्यांची छाती वाजते. पुढच्या महिन्यात वाडीतल्या बाकीच्यांच्या जबान्या आहेत. चावडीवर ये आणि सगळ्यांदेखत आपला शब्द मागे घे. मग आईच्या कबरीपाशी तुला मी स्वतः नेईन. त्याआधी मात्र या दारात पाय ठेवू नकोस.

'तुझी बहीण' असं आज लिहवत नाही.

आईची मुलगी,
दया