फटफटीचे खोगीर

ता. ७ जाने. ४७, मंगळ. सांगली.
काल जतच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून असलेल्या एका गावी. चावडीपुढे फटफटी थांबवली आणि उतरता येईना. उजवा पाय कमरेपासून खाली माझा नव्हताच. आटलेली विहीर दाखवायला वीसेक मंडळी जमलेली. एक धनगर म्हातारा म्हणाला, "उतरा की, आवं." मी म्हटले, "असू दे, इथूनच सांगा." सगळी हकीकत गाडीवर बसूनच टिपली. मागून कुणीतरी हळूच, "पेपरवाला लय ताठ हाय गड्या."

विहीर डोळ्यांनी पाहायची राहिली. याचे वाईट वाटते.

गाडी लष्कराच्या लिलावातली. बैठक म्हणजे पत्र्यावर ताणलेले कातडे, खाली दोन स्प्रिंगा. शत्रूला शरण आणायला केली असावी. चुकून आपल्याच लोकांना दिली.

ता. ९, गुरु.
डॉक्टरांनी आडवे पाडून पाय वर उचलला, तळव्याला सुई टोचली. "कळतंय का?" "तुम्ही टोचता आहात हे दिसतंय." हसले नाहीत. कमरेतली शीर दबली आहे म्हणे. बैठक अशीच राहिली तर पाय कायमचा जाईल. "गाडी विका."

सौ. बाहेर बाकावर होती, तिने सगळे ऐकले. घरी पाट मांडताना म्हणाली, "वर्षभर डाव्या अंगावर कलून जेवताय. मला वाटलं, वाईच्या पाठशाळेतली खोड."
बारा वर्षे मांडी घालून धातू घोकले. आसनाविषयी शास्त्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे, पण खाली चाके असतील हे कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

ता. १३, सोम.
संपादकांचे पत्र, साताऱ्याहून. तब्येतीचे कळले. जत, कवठे महांकाळ नव्या माणसाकडे देऊ. तो सांगलीत बसून सरकारी पत्रकांवरून मजकूर करील. "आपण कचेरीत यावे. फेब्रु. अखेर नक्की कळवावे."
त्या पत्रकांत जतपलीकडची ती आटलेली विहीर भरलेली आहे. मी वाचले आहे.
सर्व्हिस मोटार जत गावापर्यंत जाते. पुढची वाडी-वस्ती म्हणजे पाय किंवा फटफटी. पायाचे तर असे.

ता. १५, बुध.
काल संक्रांत. गोड बोलायचा संकल्प आज सकाळीच मोडला. सौ.ने बैठकीवर चौघडी सुतळीने बांधून दिली होती. कृष्णेच्या पुलावर घसरली, तिच्याबरोबर मीही. लागले नाही. एक बाई टोपली घेऊन चाललेली, "बिछाना घिऊन कुठं निघालाय?"

ता. २०, सोम.
बैठक नवी करायला तातोबा जिनगराला बोलावले. संस्थानच्या पागेत चाळीस वर्षे खोगिरे केली. आता तिथे मोटारी, म्हणून घरी बसून चपलांना टाके घालतो. आल्या आल्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात फिरवला.
"हिला कुठं लागतंय?"
"लागतंय मला."
"तुमी बोलताय की. मुक्या जनावराचं आधी बघाय लागतंय."
सुतळीने गाडीची मापे घेतली. माझे एकही घेतले नाही. मला वाटले, कारागिराची नजर असते.

भरतीवर अर्धा तास खल. कापूस दबतो, काथ्या टोचतो, घोड्याचे केस आता मिळत नाहीत. लोकर घ्यायची, जतकडच्या मेंढ्यांची. "भरतीवरच समदं खोगीर हाय, बुवा." आम्ही वर्तमानपत्रवाले खोगीरभरती नेमकी उलट्या अर्थाने करत आलो, हे त्याला सांगितले नाही.
लोकर सोवळ्यात चालते, म्हणजे गाडीवर संध्याही उरकता येईल. वरून म्हशीचे कातडे आहे, हा मुद्दा सौ.पुढे काढला नाही.

ता. ३१, शुक्र.
खोगीर आले. तातोबाने अंगणात गाडीवर चढवले. गाडीच्या पाठीला असे बसले की तिथेच उगवल्यासारखे. मी बसलो, तर वर निव्वळ लाकडी पाट! मऊपणा सगळा खालून. लोकरीच्या दोन लांब गाद्या, मधे चार बोटे मोकळी फट.
"ही फट कशाला?"
"कण्यावर भार यिऊ ने म्हून. कणा दबला की जनावर कामातनं गेलं."
"तातोबा, हिला कणा नाही. कणा मला आहे."
चाळीस वर्षांत घोड्याखेरीज कुणाची पाठ त्याने पाहिलेली नाही. मग कपाळावर हात मारून असा हसला की डोळे पुसावे लागले. खोगीर उचलले, पालथे घातले, दोन पट्टे इकडचे तिकडे केले. "बसा आता."
गाद्या दोन्ही मांड्यांखाली, फट बरोबर माकडहाडाखाली. दुखेना. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.
सौ. दारातून, "म्हणजे आता घोडा तुम्ही."

ता. ३ फेब्रु., सोम.
तासगाव, जाऊन येऊन. वाटेत मोठ्याने श्लोक म्हटले. एक बैलजोडी बुजली. गाडीच्या आवाजाने की माझ्या, कोण जाणे. उतरताना पाय जरा जड, पण माझा.

ता. ४, मंगळ.
तातोबा बैठक बघायला आला. खाली वाकून कातडे तिरपे उजेडात धरले. घोड्याच्या पाठीवरचा घाम पाहून खोगीर कुठे टेकते ते कळते, तसे. डावी बाजू घासून चकचकीत. उजवी कोरी.
"उजवीकडं तुमी बसतच न्हाई, बुवा."
"म्हणजे तुमचं काम चुकलं?"
"चुकलं असतं तर आत्ता उसवलं असतं. ह्यो दोष खोगिराचा न्हाई. अंगातला हाय."
विचारू नये ते विचारले. "घोडा असता तर काय सांगितलं असतंत?"
दोरा मेणावर ओढत राहिला. वर न बघता म्हणाला, "गावातल्या गावात फिरवा म्हनलो असतो. लांबच्या मजलंला न्हाई."
डॉक्टरांचा राग आला होता. याचा आला नाही.
जाताना, "उजवीकडं लोकर वाढवतो. आन् दर पाच मैलांला उतरा, हातात धरून चाला. घोडा दमला की आमी तसंच करायचो."

ता. ८, शनि. सातारा.
मिरजेहून रेल्वेने आलो. कचेरीत माझ्यासाठी खुर्ची आधीच ठेवलेली: वेताची, पाठ उंच, वर गादी. संपादक म्हणाले, "बसून तर बघा, शास्त्रीबुवा." बसलो. तासभर त्यांच्याशी बोलत होतो, पाय एकदाही बधिरला नाही. उत्तम खुर्ची आहे. हीच अडचण आहे.
टेबलावर नव्या माणसाचा पहिला मजकूर, तपासायला. 'जत भागात पाण्याची स्थिती समाधानकारक.' व्याकरण निर्दोष.
मी विहिरीचे बोललो. संपादक माणूस भला. "तुम्ही पाहिलीत?" म्हणाले.
उतरता आले नव्हते. काय सांगणार?

ता. १०, सोम. सांगली.
सौ.ला खुर्चीचे सांगितले. तिचे माहेर साताऱ्याचे. हरखेल वाटले होते. भाकरी थापत राहिली.
"पाय दुखला नाही ना तिथं?"
"नाही."
"मग तोंड असं का?"
नव्या माणसाचे ते वाक्य म्हणून दाखवले. ती म्हणाली, "पांगळा नवरा मी सांभाळीन. चिडका जमणार नाही. काय ते तुम्ही ठरवा, पण पायाचं खोटं सांगायचं नाही. गेला तर गेला म्हणून सांगायचं."
कबूल केले. पाठशाळेत याहून सोप्या शपथा घेतल्या होत्या.

ता. १८, मंगळ. कवठे महांकाळ.
सकाळी सहाला निघालो. उजवीकडे नवी लोकर. गाडी डावीकडे पडेल असे वाटत राहते. दर पाच मैलांना उतरलो, गाडी हातात धरून फर्लांगभर चाललो. शेतातून एकाने विचारले, "पेट्रोल संपलं व्हय?" पुढे दुसऱ्या एकाने विचारले, त्याला सांगितले, "घोडा दमलाय." तो गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.

इथवर आलो. अर्धी वाट. उतरताना गुडघ्याखाली पुन्हा मुंग्या, पण उभा राहिलो, कशाला न धरता. चहावाल्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. समोर सांगलीची सर्व्हिस मोटार. क्लीनर आत्ताच विचारून गेला, "येताय का मास्तर? फटफटी टपावर घालू, पाच मिनिटांत सुटणार." जतचा रस्ता उजवीकडे, सरळ आणि पांढरा.
जोडा काढून पाय बघतो आहे. अंगठा हलतो. करंगळीही हलली, किंवा मी हलवली असे वाटले. सौ.ला खोटे सांगायचे नाही, म्हणून पुन्हा बघतो.
मोटारीने भोंगा दिला. मधली तीन बोटे अजून…