दहातले दोन

शहरातून,
४ मार्च २०१४

ती. आस्लाउगकाकूस,
इंगुनचा सा. न. वि. वि.

तू रविवारच्या बोटीने बेटावर परत गेलीस आणि सोमवारपासून वादळ सुरू झालं. बोट बंद झाल्याचं कळलं तेव्हा आधी वाटलं, बरं झालं, वेळेवर पोचलीस. मग लक्षात आलं की आता पुढचे कितीतरी दिवस तुला काकांजवळ येता येणार नाही. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने लावतेस, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. मेंढ्यांना चारा घालून झाला की चष्मा लावून, बसून वाच.

काका स्थिर आहेत. उजवा हात आणि पाय अजून हलत नाहीत. मी गेले की ओळखतात, पण तोंडातून शब्द फुटत नाही. काल नर्सने त्यांचे केस छान विंचरून दिले, तर डाव्या हाताने त्यांनी ते पुन्हा विस्कटले. म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

मी इथे नक्की करते काय, असं तू निघताना विचारलंस. पक्षाघात झाला की आम्ही मेंदूचा एमआरआय काढतो. दहा वर्षं मी अशी चित्रं बघते आहे, पण आपल्या माणसाचं पहिल्यांदाच पाहिलं. डाव्या बाजूला, जिथे बोलणं आणि उजवा हात शेजारी शेजारी राहतात, तिथे जर्दाळूएवढा पांढरा डाग आहे. बाकी सगळं जागच्या जागी. त्या घड्यांमध्ये कुठेतरी तुमचं लग्न आहे, बेटाभोवतीचा प्रत्येक खडक आहे, मला वल्हं मारायला शिकवताना घातलेल्या शिव्या आहेत. हे सगळं दोन मुठींएवढ्या जागेत कसं मावतं, याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवशी तर मी काम विसरून नुसती बघत बसले.

दुसरी गोष्ट रक्ताची. मेंदूला इजा झाली की त्याची खबर अंगभर पोचते. रक्तात सूज चढते, पांढऱ्या पेशी मदतीला धावत सुटतात, आणि कधी कधी ही मदतीची गर्दीच वाचलेला भागही तुडवते. आमच्या गटाने चारशे रुग्णांची चित्रं आणि त्यांचं रक्त यांची सांगड घालून एक गणित बसवलं आहे. पहिल्या दोन दिवसांत डाग केवढा आणि सूज किती, यावरून तीन महिन्यांनी माणूस कुठवर आलेला असेल याचा अंदाज बांधता येतो. काकांचा डाग मध्यम आहे, पण सूज फार आहे. छाती तपासली, लघवी तपासली, दुसरं कारण सापडलं नाही. आणि त्यांना काही होत नव्हतं, आयुष्यात एक दिवस आजारी पडले नाहीत, असं तूही सांगितलंस.

खरं तेच सांग म्हणालीस, म्हणून सांगते. काका आपल्या पायांनी चालत घरी येतील, आपल्या हाताने जेवतील, याची शक्यता गणितानुसार दहात दोन आहे. पुनर्वसन विभागात जागा थोड्या आहेत, तिथे त्यांचा नंबर लागेलसं वाटत नाही. नगरपालिकेने बेटावरच्या शुश्रूषागृहात त्यांना कायमची खोली देऊ केली आहे, त्याचं उत्तर २५ तारखेच्या आत द्यायचं आहे. नाही म्हणालीस आणि इथेही जागा मिळाली नाही, तर सत्तरीच्या उंबरठ्यावर सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर येईल. तू हो म्हणावंस असं मला वाटतं. हे लिहिताना फार वाईट वाटलं, काकू.

रागावलीस तरी चालेल, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी,
इंगुन


स्कार्व्हया बेट,
११ मार्च

चि. इंगुन हिला,
काकूचे अ. उ. आ.

काल बोट सुरू झाली आणि तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आडपडदा न ठेवता लिहिलंस ते बरं केलंस. तुझे वडीलही असेच. मासा कुजलाय हे पाहुण्यांसमोर सांगायचे.

त्या चित्राचं वाचून मी काम सोडून बसून राहिले. शेहेचाळीस वर्षं ह्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे मला कळलं नाही, आणि तुम्ही लोक त्याचा फोटो काढता. हट्ट कुठल्या घडीत राहतो ते बघून ठेव. तिथे डाग पडला नसणार याची मला खात्री आहे.

इकडे स्क्रेई कॉडचा हंगाम भरात आहे. वाळवणीच्या मांडवांवर कॉड टांगायला जागा उरलेली नाही. तुझ्या काकांच्या वाट्याचं जाळं शेजारच्या हाल्डिसचे मुलगे ओढतात आणि मासे दारात ठेवून जातात. हाल्डिस लेफ्सेच्या पोळ्या घेऊन आली होती. तासभर बसली आणि रडू येऊ नये म्हणून सारखी माझ्या पडद्यांना नावं ठेवत होती.

आता एक मनातलं. कुणाला सांगितलेलं नाही, लाज वाटते. ह्या हंगामात तुझ्या काकांनी माझ्या सुक्या कॉडला तोंड लावलं नाही. तुला माहीत आहे, दरवर्षी हातोडीने ठेचून खिशात घेऊन जातात आणि दिवसभर चघळतात. ह्या वर्षी सगळा कुत्र्याला, टासला, घातला. जेवायला नुसता कुस्करलेला बटाटा नाही तर सूप, तेही एका बाजूने. घरात बसले तरी गळ्यातला मफलर गालावर ओढून, जसं काही माझं तोंड बघायला नको. मला वाटलं, इतक्या वर्षांनी ह्यांना माझ्या हातची चव विटली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी मनात ठेवलं आणि अबोला धरला. ज्या सकाळी ते पडले, त्या सकाळी मी त्यांची कॉफी ओतली नव्हती. स्वतः ओतायला उठले आणि खाली कोसळले.

तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. असल्या गोष्टीने माणसाच्या रक्तात सूज चढते का? चढत असेल तर तसं स्पष्ट लिही.

खोलीचं मी बघते.

म्हातारीवरचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
आस्लाउगकाकू


शहरातून,
१८ मार्च

ती. काकूस,
इंगुनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचत होते. मफलर गालावर ओढून बसायचे, इथवर आले आणि पत्र हातात तसंच धरून काकांच्या खोलीकडे पळत सुटले.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: अबोल्याने रक्तात सूज चढत नाही. चढत असती तर आपल्या बेटावर एक माणूस जिवंत राहिला नसता. काकांचा दात सडला होता, काकू. उजवीकडची शेवटची दाढ, खालची. आत जबड्यापर्यंत पू. दंतवैद्यांनी बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, ह्या माणसाने सहा-सात आठवडे हे सहन केलंय. तुझ्या कॉडची चव विटली नव्हती, त्यांना तो चावता येत नव्हता.

आणि सांगितलं का नाही, हे मी तुला विचारणार नाही. मी त्याच बेटावरची आहे. स्क्रेईच्या हंगामात आपल्याकडे कुणाचं काही दुखत नसतं. बाबांनी मोडलेलं बोट ईस्टरपर्यंत तसंच बांधून ठेवलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे बोटीचा एक दिवस बुडवायचा, म्हणून दात ईस्टरनंतर, ताप ईस्टरनंतर. डॉक्टरांनी विचारलं की आपण काही होत नाही म्हणतो, आणि ते खोटं आहे असं आपल्याला वाटतही नाही. हे सगळं ठाऊक असून मी विचारलं नाही. चूक माझी आहे. चारशे माणसांचं गणित मांडलं आणि घरच्या माणसाच्या तोंडात बघितलं नाही.

दाढ काढली, औषध सुरू केलं, आणि तीन दिवसांत सुजेचा आकडा तिसऱ्या हिश्शावर आला. मी तो कागद हातात धरून बसले होते. जे काका बोलू शकत नव्हते, आणि बोलता येत होतं तेव्हाही बोलले नसते, ते चमचाभर रक्त पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होतं. आम्ही ऐकलंही, पण मेंदूकडून आलेली हाक समजलो. इतकी वर्षं ह्या विषयात घालवून मला रक्ताचा असा धाक आणि आदर कधी वाटला नव्हता.

आता तो दहात दोनचा आकडा. आमच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, तो फाडून टाक. त्या सुजेतली किती दाताची आणि किती मेंदूची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित दातानेच हे सगळं सुरू केलं असेल, तेही शक्य आहे. नुसत्या चित्रावरून बोलायचं तर मी दहात पाच म्हणेन, आणि त्यावरही पैज लावणार नाही. पण पुनर्वसनवाल्यांनी एप्रिलपासून सहा आठवड्यांसाठी जागा दिली आहे, आणि काल काकांनी उजव्या हाताचा अंगठा हलवला. त्यांनी स्वतःच त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

तेव्हा खोली घेऊ नकोस. होकार कळवला असशील तर हात जोडते, २५च्या आत मागे घे.

चुकलेल्या पुतणीला पदरात घे.
तुझी,
इंगुन


स्कार्व्हया बेट,
९ जून

चि. इंगुन हिला,
काकूचे अ. उ. आ.

तुझ्या काकांना घरी येऊन तीन आठवडे झाले. काठी घेऊन बोटघरापर्यंत जातात. उजव्या हाताने चमचा धरतात, सूप अर्धं माझ्या टेबलक्लॉथला मिळतं. शब्द तीसेक आले आहेत, सुटे सुटे. हाल्डिसला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, ह्याआधी तरी दिवसाला किती बोलायचे?

मार्चात तुला खोली नाकारल्याचं कार्ड टाकलं होतं, त्यात तारीख घातली नव्हती. ती आज सांगते. खोली मी तुझ्या दाताच्या पत्रानंतर नाकारली नाही. तुझं पहिलं पत्र आलं, त्याच दुपारी रबरी बूट घालून नगरपालिकेत गेले आणि नको म्हणून सही करून आले. तिथल्या मुलीला तुझं पत्र दाखवलं, तर ती दोनदा म्हणाली, की पत्र नीट समजून घ्या, दहात दोनच आहेत. मी तिला म्हटलं, समजलंय. दहा वेळा जाळं टाकून दोनदा मासा लागतो, त्या वर्षाला आपण वाईट म्हणतो, पण म्हणून कुणी जाळं विकत नाही. आणि उरलेल्या आठातलं काही निघालं असतं, तर अंथरुणात का होईना, ते माझ्या घरात असते आणि त्यांची कॉफी मी ओतली असती. तेवढं मला करायचंच होतं. तू हो म्हण असं लिहिलं होतंस, म्हणून तेव्हा तुला सांगवलं नाही. तुझं गणित मी खोटं मानलं नाही, पोरी. मी फक्त त्याच्यावरून ठरवलं नाही.

आजच्या सकाळचं सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. इस्पितळातून निघताना त्यांच्या मेंदूचं चित्र मिळालं होतं, ते मी कपाटात ठेवलं होतं. त्यांना दाखवायचा धीर होत नव्हता. आज त्यांनीच ते शोधून काढलं आणि खिडकीपाशी नेऊन काचेवर धरलं. पुष्कळ वेळ बघत होते. मी मागे उभी होते, आता ह्यांना काय वाटेल ते बघत. मग त्यांनी उजवा हात उचलला. तोच हात. बोट त्या पांढऱ्या डागाच्या कडेला लावलं आणि सावकाश, अजिबात घाई न करता, नकाशावर खडक आला की होडी जशी लांबून काढतात, तसं डागाभोवती फिरवत पलीकडे नेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की बाहेरून जाता येतं.

इंगुन, पडल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं अख्खं वाक्य.

आम्हा दोघांवरची तुझी माया अशीच राहो.
तुझी,
आस्लाउगकाकू