पावतीच्या तळाशी

प्रिय बोडील,

'प्रिय' हे हाताच्या वळणाने लिहिलं गेलंय, त्यावर जाऊ नकोस. परवा तू दाराशी ठेवून गेलेला केक मी शेजारच्या कोंबड्यांना घातला. तुझे तीन फोन आले, तेही मुद्दाम उचलले नाहीत. का ते एकदाच नीट सांगते, म्हणजे लेमविग गावभर 'ग्रेटेला झालंय तरी काय' असं विचारत फिरायला नको.

पंचवीस वर्षांच्या संसारातून प्रेबेनने त्या बाईकडे राहायला जाताना नेलं ते एक फडताळ. त्याच्या जागी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मळकट पांढरा चौकोन राहिला. तो रंगवावा म्हणून तुझ्या रंगाच्या दुकानातल्या पावत्यांचा डबा काढला, कारण भिंतीच्या पिवळ्या रंगाचा नंबर पावतीवर असतो. आजवर मी नंबराच्या पुढे कधी वाचलं नव्हतं. या वेळी चष्मा होता, वाचलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात: 'बिचारी'.

तुला ठाऊक नसेल, पण नवीन वर्षाला घेतलेलं तुझं बिलाचं मशीन ऑर्डरला दिलेलं नाव पावतीवर छापतं. जुनं छापत नव्हतं. आणि ही नावं द्यायची पद्धत तुला शिकवली कुणी? मीच! गुडघा जाईपर्यंत दहा वर्षं दर शनिवारी तुझ्या गल्ल्यावर उभी राहिले. सात-सात ऑर्डरी एकदम उघड्या असायच्या. एकाचा डबा मशीनमध्ये घुसळतोय, एकीला कुठलाच वॉलपेपर पसंत पडत नाही, एकजण गाडी हलवायला गेलाय. तू आपली आडनावं लिहायचीस, आणि आपल्या गावात निम्मे येन्सेन, उरलेले नील्सेन! एका येन्सेनचा शेंदरी रंग दुसऱ्या येन्सेनने नेऊन छताला फासला, तेव्हा मी म्हटलं, "बाई गं, आडनावं सोड, डोळ्याला दिसेल ते लिही." मग सुरू झालं, 'मिशीवाले', 'लंगडा कुत्रा', 'उंच सासूबाई'. किती हसायचो आपण.

जानेवारीच्या पावतीवर मी 'पिवळी छत्री' आहे. त्याचं काही नाही, छत्री माझी पिवळीच आहे. आठ फेब्रुवारीपासून मात्र मी 'बिचारी'. मार्चमध्ये दोनदा, एप्रिलमध्ये एकदा. प्रेबेनने मला सांगितलं एकवीस मेला. तारखा मी चारदा ताडून पाहिल्या.

मग मार्चमधला तो शनिवार आठवला. मी समोरच उभी होते, आणि तुझ्या हाताखालच्या इंगेरने माझ्याकडे न बघताच बिलाच्या मशीनवरून विचारलं, "बिचारीची उघडू, की आधी मिशीवाल्यांची संपवू?" मी हसत म्हटलं, "कोण गं ही बिचारी?" तू डब्यावर झाकण ठोकत होतीस. म्हणालीस, "आहे एक, स्टेशनकडची." आणि मी मूर्ख, "का गं, काय झालं तिला?" तर तू म्हणालीस, "काही नाही, नवरा जरा तसलाच आहे." मी त्या बाईसाठी चुकचुकले देखील, बोडील! इंगेर मान खाली घालून आत निघून गेली. तिला निदान लाज वाटली.

गेल्या आठवड्यात प्रेबेन सायकल न्यायला आला तेव्हा मी सरळ विचारलं. म्हणाला, "बोडीलला फेब्रुवारीतच कळलं होतं. मी आणि ही नवी, आम्ही दोघं तिच्याकडे बैठकीच्या खोलीचा रंग घ्यायला गेलो होतो. मला वाटलं, आता बोडील डबा डोक्यात घालणार. पण तिने मुकाट्याने निळा कालवून दिला." निळा कालवून दिलास! वर ब्रशही निवडून दिला असशील. त्याचा मला आता रागसुद्धा येत नाही. तुझा येतो. त्या साडेतीन महिन्यांत मी त्याच्या आवडीचं पिवळं स्वयंपाकघर रंगवत होते, दुखऱ्या गुडघ्याने शिडीवर चढून, आणि तो रंगही तूच मला कालवून देत होतीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, "ग्रेटे, तो डबा खाली ठेव आणि आत ये." मी तुझ्यावर ओरडले असते, महिनाभर तोंडही बघितलं नसतं. पण सगळ्या गावाच्या शेवटी मला कळलं नसतं. तू माझी कीव केलीस, आणि मैत्रीण म्हणून एवढंसुद्धा केलं नाहीस.

आता हे पत्र कशासाठी ते. भांडायचं असतं तर शनिवारी भर गर्दीत येऊन भांडले असते. आज तुझा दुकानमालक, ओवे स्क्युटे, मांजर घेऊन मी नोकरी करते त्या जनावरांच्या दवाखान्यात आला होता. त्याने इमारत विकायला काढली आहे. औषधवाले घेणार आहेत, शुक्रवारी सह्या. तुला तो सुट्टी संपल्यावर सांगणार आहे. मला म्हणाला, "तिला बोलू नका हं, उन्हाळा तरी सुखात जाऊ दे तिचा." डॉक्टरीणबाईंना माहीत आहे, त्यांच्या नवऱ्यालाही, आणखी किती जणांना कोण जाणे. तुझ्या मामांनी केलेल्या भाडेकरारात, तिसऱ्या पानावर, विकायचं झालं तर आधी भाडेकरूला विचारायचं असं लिहिलं आहे. मीच तो टाइप केला होता. तो कागद शोध आणि शुक्रवारच्या आत वकिलाकडे जा. मला फोन करू नकोस, आभार तर मुळीच मानू नकोस, तुझ्याशी मला अजून बोलवत नाही. मला हे दुपारी तीनला कळलं. आता पाच वाजतायत, आणि हे पत्र मी स्वतः चालत येऊन तुझ्या पेटीत टाकते आहे.

नाइलाजाने तुझीच,
ग्रेटे