लेकीचा हेवा

प्रिय मालू,

तुझं पत्र मिळालं. महिनाभर राहायला म्हणून रोह्याला आलेली आई आठवडाही न काढता पिशवी उचलून का निघाली, असं तू विचारलंस. नातू मिळणार नाही म्हणून मी नाराज झाले, असं तुझ्या मनाने घेतलंय. तसं नाही गो. घरी कोंबड्यांकडे बघायला कुणी नाही, हे निमित्तही खोटंच होतं. खरं ते आता लिहिते.

मला तुझा हेवा वाटला.

त्या दिवशी तू कंपनीतून आलीस, गळ्यातलं ओळखपत्र खुंटीला अडकवलंस आणि पाय पसरून बसलीस. जावयांनी तुझ्या हातात चहा दिला. पोर त्यांच्या खांद्यावर झोपली होती. शेजारच्या विमलबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, ‘आता दुसरं कधी?’ तू कपातून मानही वर न करता म्हणालीस, ‘नाय. एक हाय ती बास. आम्ही ठरवलंय.’ जावई नुसते हसले आणि बिस्किटं काढायला उठले. विषय संपला. मी तांदूळ निवडत होते, माझे हात थांबले. माझ्या घरात हाच विषय वर्षानुवर्षं चालला आणि मला कुणी एकदाही विचारलं नाही.

तिसरी झाली तेव्हा पेणच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, आता ऑपरेशन करून टाक. तुझी आजी म्हणाली, ‘मुलगा झाल्याबिगर नाय.’ तुझे बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. चौथीही मुलगीच झाली. मग कान्हू झाला आणि मला वाटलं, सुटले. तर आजी म्हणाली, ‘एकावर भागतंय व्हय?’ तेव्हा मला तिशीही लागली नव्हती. डोक्यावर मिठाची पाटी आणि पोटात पोर, यातच माझं तरुणपण गेलं. धाकट्यांना सांभाळायला तुला शाळेतून काढायचं घाटत होतं. मी काढू दिलं नाही. तान्ही पोर मिठागरावर नेली, बाभळीला झोळी बांधून तिला झोपवलं. तुला दहावीपर्यंत मीच पोचवलं, आणि आता तुझ्यावर जळतेही मीच. तुझी सासू जळली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं.

काय काय सांगू? तुला ताप आला की तू रजा टाकतेस, याचाही हेवा वाटला. तुझ्या एवढ्याशा पोरीने पहिल्यांदा ‘चिऊ’ म्हटलं, तर तुम्ही दोघं कामं टाकून तिच्यासमोर बसलात. माझी पाच एकमेकांनी वाढवली. कोण पहिल्यांदा काय बोललं, मला आठवत नाही. तुझं पहिलं बोलणंही आठवत नाही, मालू. त्या वेळी मी पुन्हा बाळंतीण होते.

इकडे गावच्या शाळेत यंदा पहिलीचा वर्ग अर्धाच भरलाय. नव्या सुना दोनवर थांबतात, एकदोघी तर एका मुलीवरच. तुझी आजी ओटीवर बसून त्यांना नावं ठेवते आणि मी शेजारी बसून मान हलवते. तिला वाटतं, मलाही त्यांचा राग येतो. त्या सुना पाण्याला जाताना हसत जातात ना, ते मला बघवत नाही.

आता लिहायला का बसले ते सांगते. तुझ्याकडे होते तेव्हाच मला शंका होती, म्हणून तुझं ते ‘बास’ इतकं लागलं. आता खात्री झालीय. मला दिवस गेलेत. इतकी वर्षं काही राहिलं नाही, मला वाटलं वय सरलं. आजीला कळलं तर नवस बोलेल, म्हणून तिला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांना सांगितलं, आणि दवाखान्यात जाणार हेही. ते म्हणाले, ‘माज्या आयेला काय सांगू?’ मी म्हटलं, ‘मालूकडं गेलीय, असं सांगा.’ पेणच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, पाडायचं तर अजून वेळ आहे आणि सही नवऱ्याची नाही, तुमचीच लागते. त्याच वेळी ऑपरेशनही होईल म्हणाल्या. पण इथे केलं तर गावभर होईल, तुमच्या रोह्यातच करू. सोमवारी सकाळच्या एसटीने येते. रजा काढ, सोबतीला तू हवीस. मात्र डॉक्टरीणबाईंशी माझ्या वतीने बोलू नकोस. त्या विचारतील तेव्हा ‘मला नको’ हे मला माझ्याच तोंडाने म्हणायचं आहे. त्यानंतरही तुझा हेवा वाटत राहिला, तर तेवढा सोसून घे.

तुझीच,
आई