धोटा क्लबचे मोल

मी, श्रीमती गोदावरी सावळाराम मढवी, वय एकाहत्तर वर्षे, व्यवसाय शिवणकाम, राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला साखर आहे, पण विसर नाही. चष्मा आहे, पण सुईत दोरा अजून मीच ओवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी एक छापील मसुदा दिला होता. त्यात नाव सोडले तर माझे काहीच नव्हते, म्हणून कलमे त्यांची ठेवली आणि मजकूर माझा घातला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे पती कै. सावळाराम हे लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. ते २०१५ साली वारले. आम्हांला एकच मुलगी, सौ. वैशाली. ती राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तिची मुलगी प्राजक्ता, वय पंधरा. याखेरीज मला वारस नाही. आमच्या फुटबॉल क्लबचे सेहेचाळीस सभासद मला आक्का म्हणतात, पण कायद्याने ते वारस होत नाहीत.

कलम २. टेमघर येथील दोन खोल्या, ओटा आणि मागचा शेवग्याचे झाड असलेला तुकडा मी वैशालीस देते. शेवग्याच्या शेंगांवर मात्र शेजारच्या तिन्ही घरांचा हक्क राहील. तो आजवर तोंडी होता, आता लेखी झाला.

कलम ३. बँकेतील ठेव व तिचे व्याज वैशालीस. तिने त्यातून आधी स्वतःचे दात बघावेत. चार वर्षे सांगते आहे.

कलम ४. माझे धाकटे दीर विठू मढवी यांना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. कारण लिहून ठेवते. १९८४ साली यांनी, म्हणजे सावळारामांनी, फुटबॉलचा क्लब काढला. नाव ठेवले धोटा फुटबॉल क्लब. मागावरचा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो तेव्हाच कापड होते, चेंडूचेही तसेच, असे ते म्हणत. पोरे पहिल्यांदा खेळली ती राहनाळच्या आमच्या सामाईक शेतात, भात कापून झाल्यावर. बारा वर्षे खेळली. मग विठूभाऊजींनी घरात सगळ्यांचे मन वळवून ते शेत विकायला लावले आणि तिथे गोदाम झाले. यांनी सही केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर टेमघरच्या मोकळ्या प्लॉटवर खेळलो, तिथे इमारत झाली. मग शेलारला, तिथेही गोदाम. आम्ही जिथे गोलपोस्ट रोवावा तिथे वर्षा-दोन वर्षांत पत्रे चढत. गावात लोक म्हणत, जमिनीचा भाव वाढवायचा असेल तर धोटावाल्यांना बोलवा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकिलांनी सांगितले तेव्हाच मी विठूभाऊजींना साक्षीदार करायचे ठरवले. त्यांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "वयनी, लिवलंय ते खरा हाय." त्यामुळे माझा राग निम्मा कमी झाला आहे. उरलेला मी बरोबर नेईन, इथे कोणासाठी ठेवणार नाही.

कलम ५. धोटा फुटबॉल क्लब. हा क्लब मी कोणालाही देत नाही, कारण तो माझा नाही. हे मला फार उशिरा कळले, आणि कसे कळले ते वैशालीला माहीत असले तरी प्राजक्ताच्या मुलांना माहीत नसेल, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लबच्या कागदांवर पहिल्यापासून अध्यक्ष म्हणून माझे नाव आहे. चार पुरुषांचे अध्यक्षपदावरून जमेना, तेव्हा यांनी मला न विचारता माझे नाव घातले. मला ते झेरॉक्सच्या दुकानात समजले. हे गेल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मीही क्लब माझाच असल्यासारखा धरून बसले. जर्सी मी शिवायची, धुवायची, टेंपो मी ठरवायची, ज्याला लागले त्याला हळद-तेल मी लावायची. क्लब जिल्हा लीगच्या दुसऱ्या गटात कसाबसा टिकून होता. खेळाडू शिफ्ट संपवून येत, कधी नऊच जण येत. सराव रस्त्याच्या कडेला, गोदामांच्या पार्किंगमध्ये, रखवालदार हाकलेपर्यंत.

२०२४ च्या उन्हाळ्यात राहनाळचे एक गोदाममालक, मितेशभाई, घरी आले. त्यांना आपल्या कंपनीचा संघ लीगमध्ये हवा होता. नवा क्लब काढला तर अगदी तळापासून चढावे लागते, म्हणून चालू क्लब विकत घ्यायचा होता. "आक्का, जो भी भाव होगा, सांगा," असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले, तुम्ही कुठे खेळत होता? ते लाजले. वसतिगृहात असताना लेफ्ट विंगला खेळायचो, म्हणाले. तेव्हा मी त्यांना चहा दिला, पण भाव सांगितला नाही. मला भाव माहीतच नव्हता.

भाव काढायला त्यांनी कुणाल नावाचा एक मुलगा कल्याणहून पाठवला. तो मूल्यांकनाचे काम करतो, म्हणजे कारखाना विकायचा तर त्याची किंमत ठरवतो. क्लबची किंमत त्याने आधी कधी काढली नव्हती. दोन दिवस तो ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला. चेंडू अकरा, पैकी हवा धरणारे चार. जर्स्या चौतीस. ढाल एक, बाकी सगळी बक्षिसे उत्तेजनार्थ. मग त्याने विचारले की मैदान कोणाच्या नावावर आहे. मी म्हटले, लिही, निरंक. त्याने मान खाली घालून लिहिले.

तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि शेलारच्या एका कापलेल्या शेतात सामना होता. कुणाल बघायला आला. आमचे दहाच जण जमले, एकाची ड्युटी अचानक लागली होती. आमचा गोलकीपर कल्पेश, जो राहनाळला हमाली करतो, त्याने कुणालला सरळ विचारले, पळता येतं का? कोणाचे तरी बूट पुढे चिंध्या कोंबून त्याच्या पायात घातले. तो बांधावर दोनदा पडला, एकदा चेंडूऐवजी ढेकळाला लाथ मारली, आणि आम्ही तीन-एकने हरलो. सामना संपल्यावर तो धुळीत पाय पसरून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते तो कल्याणहून आला तेव्हा मी पाहिले नव्हते.

त्याचा अहवाल आला. देणी वजा जाता क्लबची किंमत तीन हजार दोनशे रुपये. चाळीस वर्षांची किंमत! मी हसत सुटले, इतकी की वैशालीने पाणी आणले. पण खाली त्याने एक टीप जोडली होती: मैदान नसताना, पगार नसताना, नऊ वर्षांत या क्लबमधून फक्त चार खेळाडू गेले, याची किंमत कशी काढतात हे मला शिकवलेले नाही. मितेशभाईंनी ती टीप वाचून साडेचार लाख देऊ केले. शिवाय कुणालने मला समजावले की ही नोंदणीकृत संस्था आहे, तुम्ही अध्यक्ष आहात, मालक नाही, विकायचे की नाही ते सभासद ठरवतील.

सभा आमच्या ओट्यावर झाली. मी अर्धा तास बोलले. यांचे नाव, यांचा घाम, हा क्लब विकणे म्हणजे यांना विकणे, असे बरेच काही. मला वाटले होते सगळे हात वर करून नाही म्हणतील. एकही हात वर झाला नाही. मग कल्पेश उठला. मागच्या पावसाळ्यात पार्किंगच्या खडीवर त्याचा गुडघा फाटला होता आणि दीड महिना त्याला गोणी उचलता आली नव्हती.

तो म्हणाला, "आक्का, नाव आमाला पन प्यारा हाय. पन नावावर पडला तर गुडगा वाचत न्हाय. आमाला माती पायजे."

मला ते फार लागले. मी उठून आत गेले आणि गॅससमोर उगीच उभी राहिले. वैशाली मागून आली. ती लहानपणापासून कमी बोलते. तिने दूध उतू जाताना गॅस बंद केला आणि म्हणाली, "आई, बाबांनी क्लब काढला तो खेळायला. तू तो नुसता सांभाळत बसलीस."

मी पदराने तोंड पुसले आणि बाहेर येऊन सांगितले, विकू या, पण सौदा मी करणार. सेहेचाळीस हात वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि कल्पेश मितेशभाईंच्या गोदामावर गेलो. गोदामामागे ओढ्याच्या कडेला त्यांची सखल जागा पडून आहे, पावसात पाणी भरते म्हणून तिथे त्यांना बांधकाम करता येत नाही, हे मला वैशालीकडून माहीत होते. मी म्हटले, पैसे कमी करा आणि जागा द्या. ते म्हणाले, वापरा ना, आपलीच समजा. मी म्हटले, असे आपलेच समजून तीन मैदाने गेली, कागद करा. ते पाच लाखांवर गेले. मी एक लाखावर उतरले. असा उलटा सौदा त्यांनी आयुष्यात केला नसावा. शेवटी ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "लेफ्ट विंगला कधी कधी मला घ्याल?" कल्पेश म्हणाला, आधी पळून दाखवा.

एकोणतीस वर्षांचा भाडेपट्टा नोंदवला गेला. जागा क्लबच्या नावे. भराव मितेशभाईंचा. संघ लीगमध्ये कंपनीचा म्हणून उतरेल, पण नाव तेच: जर्सीवर पाठीला कंपनी, छातीला धोटा. प्राजक्ता ज्यात खेळते तो मुलींचा संघ बंद करायचा नाही, ही अट तिनेच घातली आणि ती वकिलांनी पहिल्या पानावर घेतली. आलेल्या लाखातून देणी फिटली आणि मुलींना बूट आले. कुणाल आता आमचा राइट बॅक आहे. तो अजूनही पडतो.

तेव्हा क्लबबाबत माझी इच्छा एवढीच, की माझ्या नावाने तिथे काही बांधू नये. बांधकाम आपल्याला लाभत नाही.

कलम ६. लूमच्या जुन्या पाइपांपासून यांनी घरी जोडलेले घडीचे दोन गोलपोस्ट मी विक्रीतून वगळले होते. ते खाजगी आहेत. नव्या मैदानावर पक्के खांब आले, त्यामुळे हे मी कल्पेशला देते. त्याच्या पाड्यावर पोरे दोन दगड ठेवून खेळतात आणि गोल झाला की नाही यावरून भांडतात. हे खांब रोवल्यावरही भांडतील, पण उंचीवरून भांडणार नाहीत.

कलम ७. शिलाई मशीन प्राजक्ताला, ती सज्ञान होईपर्यंत वैशालीच्या ताब्यात. तिने शिवावे असा आग्रह नाही. विकून बूट घेतले तरी चालेल.

कलम ८. माझे दिवस करताना स्वयंपाक हलका ठेवावा. रविवार आला तर सामना पुढे ढकलू नये, जेवण ढकलावे. पोटभर जेवून कोणाला पळता येत नाही.

कलम ९. शेवटची मिळकत. इतकी वर्षे चेंडू माझ्या घरात राहिला, पण मी त्याला कधी पाय लावला नव्हता. एकदा, लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, तो घरंगळत माझ्या पायाशी आला होता. मारावा असे फार वाटले. पुरुषमंडळी बघत होती, म्हणून उचलून हातात दिला.

यंदा मार्चमध्ये मैदान सुरू झाले तेव्हा मला फीत कापायला कात्री दिली. मी म्हटले, कात्री आयुष्यभर चालवली, आज ती नको. प्राजक्ताने पेनल्टीच्या जागी चेंडू ठेवला. गोलमध्ये कल्पेश उभा राहिला. मी चपला काढल्या, पदर खोचला. प्राजक्ता कानाशी येऊन म्हणाली, "आजी, अंगठ्यानं नको. पावलाच्या आतल्या बाजूनं, आणि बघायचं दुसरीकडे."

मी डावीकडे बघितले आणि मारला. चेंडू उजव्या खांबाला आतून घासून हळूहळू आत गेला. कल्पेशने मी बघितले त्या बाजूला उडी मारली होती. विठूभाऊजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. मितेशभाईंनी शिट्टी मारली. माझ्या पायाखाली लाल माती गरम होती आणि मी दोन्ही हात वर करून धावले, कुठे ते मला माहीत नव्हते.

कल्पेशने तो मुद्दाम सोडला असे काही जण म्हणतात. मी त्याला एकट्याला गाठून विचारले. त्याने गावदेवीची आण घेऊन सांगितले, "सोडायचा असता तर उडी कशाला मारली असती? गुडगा दुकतो माजा."

सबब, सदर गोल ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तिच्यावर माझ्या कोणाही वारसाचा, क्लबचा वा कंपनीचा हक्क, हिस्सा किंवा हितसंबंध नाही. ती मी कोणालाही देत नाही.

वरील नऊ कलमे मी दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. खाडाखोड नाही. अंमलबजावणी वैशालीने करावी. दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही करते आणि त्यांनी माझ्यादेखत करावी.

ठिकाण: टेमघर, भिवंडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, सामन्याआधी

(सही) गोदावरी सावळाराम मढवी

साक्षीदार:
१. (सही) विठू मढवी, राहणार राहनाळ
२. (सही) कुणाल, राहणार कल्याण, राइट बॅक