पोतंभर ज्वारीचा तास

प्रिय अक्का,

आज मंगळवार, सकाळचे सव्वासहा. मुकुंदवाडीच्या खोलीत नळाला पाइप लावून बसलो आहे. आठवड्यानं पाणी आलंय, त्यामुळं झोपायची सोय नाही. टाकी भरेपर्यंत तुला लिहितो, कारण काल मी तुझ्या वर्गात तास घेतला. नववीत शाळा सोडलेला तुझा गोरख, मॅनेजमेंटच्या कॉलेजात! हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू देवाघरी गेल्यापासून तुझा विषय बंद पडायला आला होता. तुझ्या जागी आलेल्या सरांचा फोन आला. "गोरखभाऊ, पोरांना बँकेत नोकरी लागेल असे विषय हवेत. सामाजिक परिणाम आणि शाश्वत वित्त कोण घेणार? पुरेशी नावं आली नाहीत, तर माझ्या हातात काही नाही. मॅडम पहिल्या तासाला तुमच्या वडिलांना आणायच्या. यंदाही आणा."

आबा मेंढरांमागं लांब गेलेले. मग चितेगावच्या कंपनीत रजा टाकली आणि मीच गेलो.

तो तास तू कसा घ्यायचीस, आठवतं? फळ्यावर काही लिहायचं नाही. आधी आबा सांगायचे, पीक निघालं की शेतकरी आम्हा मेंढपाळांची मेंढरं रानात रात्री बसवून घेतो, लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, बदल्यात तो आपल्याला धान्य देतो. मग तू विचारायचीस, "यात कुणी कुणाला कर्ज दिलं? व्याज कुणाला मिळालं?" पोरं भांडायची. मी मागच्या बाकावर बसून बघायचो. एवढं इंग्रजी बोलणारी बाई, आणि मधेच आपलं 'व्हय' आणि 'नाय'. लई अभिमान वाटायचा. तुला बोललो का नाही कधी?

पण एक गोष्ट मला खटकायची. दुष्काळाच्या साली शेतकऱ्यानं काय दिलं, असं कुणी विचारलं की आबांचं उत्तर ठरलेलं, "सोयगावच्या अण्णांनी पोतंभर ज्वारी दिली." अक्का, ते पोतं घरात आलंच नव्हतं. आई शेजारून पीठ मागून आणायची, आपण दोघांनी पाहिलंय. तरी तू वर्गात गप्प राहायचीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "ते सांगायचा हक्क माझ्याकडं नाय, गोरख." हिशेब शिकवणारी तू, आणि आपलाच हिशेब खोटा? मी रुसून चार दिवस बोललो नव्हतो.

काल मी ठरवूनच गेलो होतो की खरं सांगायचं. एका पोरानं तोच प्रश्न विचारला. पण तोंडातून आलं, "पोतंभर ज्वारी."

"नाय दिली," तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली.

ती उभी राहिली. "मी त्याच अण्णांची मुलगी. त्या साली आमच्या घरात खायलाच नव्हतं, पोतं कुठून देणार? पण यांचे आबा गावभर सांगत गेले, अण्णांनी दिलं. ते ऐकून दुकानदार म्हणाला, मेंढपाळाचं देणंही बाकी ठेवलं नाही म्हणजे माणसाला पत आहे. त्यानं उधारीवर बियाणं दिलं. आमचं रान पेरलं गेलं ते त्या न दिलेल्या पोत्यावर."

मग ती हळूच म्हणाली, "मॅडमना माहीत होतं. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, लाज तुमच्या घरची, सांगायचं तर तुम्हीच सांगा."

म्हणजे यासाठी गप्प होतीस? एवढं मला सांगितलं असतंस, तर ते चार दिवस तरी वाचले असते.

मागून एक पोरगा म्हणाला, "मग हे पोतं लिहायचं कुठं? जमा का खर्च?" सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "बाबा, हे विचारायला अक्का पाहिजे होती." मग त्यांचं त्यांच्यातच भांडण लागलं, घंटा झाली तरी थांबेना. अगदी तुझ्या तासासारखं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. नावं भरली. बाक कमी पडणार आहेत.

लगेच आबांना फोन लावला. म्हटलं, "आबा, अण्णांच्या पोरीनं भर वर्गात सांगितलं, पोतं दिलंच नव्हतं."

"ल्हान व्हती ती. तिला काय ठावं? म्या सोता उचलून आणलं."

"आबा, आता तरी."

"फोन ठिव. मेंढरं वढ्यात चाललीत."

अक्का, टाकी भरत आली. तुला शब्द देतो, दरवर्षी पहिल्या तासाला आबांना आणीन. ते नसले, तर मी उभा राहीन.

कालचा खर्च : रिक्षा साठ रुपये, शर्टाची इस्त्री दहा, एका दिवसाचा पगार.
देणं : अण्णांच्या मुलीला एक चहा.
येणं : काही नाही. सोयगावचं पोतं पोचलं.

तुझा धाकटा,
गोरख